पाण्याची कोठडी

१

दुपारची जेवणं उरकली की आमची बोट झोपायची.

दुबईच्या खाडीत, देऱ्याच्या बाजारापासून थोडं आत, रास अल खोरच्या बाजूला ती बांधून ठेवलेली होती. बोट म्हटलं की समुद्रातलं उंच जहाज डोळ्यांपुढे येतं. ही तशी नव्हती. ही नदीतली बोट होती, लांब, बसकी, सपाट तळाची. युरोपात लोक अशा बोटींतून मौजेखातर नदीची सफर करतात. पुढच्या अंगाला तिन्ही बाजूंनी काचा लावलेला दिवाणखाना, मधे जेवणघर. जिना उतरला की खाली अरुंद बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांना चिमुकल्या खोल्या. खोलीत भिंतीला मुडपून ठेवायचा पलंग, तोंड धुवायचं भांडं आणि पाण्यापासून हातभर उंचीवर चौकोनी खिडकी. वर सपाट छत, त्यावर कापडी खुर्च्या. जेवणाला पितळी घंटा, संध्याकाळी छतावर चहा.

त्या काळी, म्हणजे साठ-पासष्टच्या सुमाराला, दुबईत गोऱ्या पाहुण्यांना उतरायला धड जागा नव्हती. तेल शोधणाऱ्या एका कंपनीने ही बोट जर्मनीतून विकत आणली, तिचं इंजिन काढून टाकलं आणि खाडीत बांधून पाहुण्यांचं घर केलं. माझा नवरा मोहिद्दीन तिचा कारभारी. स्वयंपाकी हमदुल्ला, तोही आमच्याच रत्नागिरीकडचा. चादरी, पडदे, खिडक्या माझ्याकडे.

खाडीची हवा खारी. रात्रभरात काचांवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरायचा आणि सकाळी ओल्या फडक्याने तो काढायचा, हे माझं रोजचं काम. हात आपोआप चालायचा. म्हणूनच त्या सकाळी बोळाच्या टोकाच्या खोलीत फडकं काचेला लावलं आणि मी थबकले.

ती काच पांढरी नव्हती. हिरवी होती. नखाने खरवडलं तर नखात ओलं शेवाळ आलं.

२

मी भित्री नव्हते. माझे वडील उर्दू शाळेत मास्तर होते. भुताखेताच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की ते हसायचे आणि म्हणायचे, आधी दिवा लावून बघा. मीही तसंच केलं. खिडकी उघडून बाहेर वाकले. खाली खाडीचं पाणी, बोटीच्या अंगाला मिठाचे डाग. शेवाळाचा मागमूस नाही. खोलीतल्या थंड हवेच्या मशीनचं पाणी गळलं असेल म्हणावं, तर मशीन समोरच्या भिंतीला.

हाताचं बोट नाकाशी नेलं. आमच्या गावच्या विहिरीच्या काठाला येतो तसा वास आला, गोड्या पाण्याचा. ज्या दुबईत पिण्याचं पाणी गाढवाच्या पाठीवरून पत्र्याच्या डब्यांतून यायचं, तिथे हा वास. मी जिभेला बोट लावलं. खारट नव्हतं.

मोहिद्दीनला बोलावलं. तो दारात उभा राहिला, आत आला नाही. मग एकदम आत येऊन माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि काच स्वतः पुसली. इतक्या जोरात, की मला वाटलं काच फुटेल.

"ही खोली कुणाला द्यायची नाही," तो म्हणाला आणि चावी खिशात घातली.

मोहिद्दीन वाईट नवरा नव्हता, हे मला सांगायलाच हवं. आवाज चढवायचा नाही. देऱ्याच्या बाजारात गेला की माझ्यासाठी काहीतरी घेऊन यायचा. इंग्रजी चार शब्द त्यानेच मला शिकवले. पण तो माझा दुसरा नवरा. पहिला जमाल.

दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. मोहिद्दीनने माझ्यासाठी मागणं घातलं होतं, ते वडिलांनी नाकारलं आणि मला जमालच्या घरी दिलं. मोहिद्दीनने ते मनावर घेतलेलं दिसलं नाही. उलट ही बोट नदीतून समुद्रापर्यंत आणायला माणसं हवी होती, तेव्हा तोच सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन जमालला आणि हमदुल्लाला बरोबर घेऊन गेला. परत आला तो जमालचे कपडे घेऊन. माझ्या सासूसमोर, मरियमबीसमोर बसून रडला. म्हणाला, "ताप आला, इस्पितळात गेला. मी उशाशी होतो, अम्मा. तिथेच माती दिली." पुढे दोन वर्षं तो त्या घराला धरून राहिला. शेवटी सासूनेच मला म्हटलं, "जमालच्या दोस्ताच्या घरी जातेस पोरी, परक्याच्या नाही."

म्हणून मी दुबईला आले, आणि ज्या बोटीपायी जमाल गेला तिच्यावरच राहू लागले.

३

उन्हाळा लागायच्या आधी बोट एकदा पाहुण्यांनी गच्च भरली. एका इंजिनियरची म्हातारी आई आली होती. तिला जागा उरली नाही, तेव्हा कंपनीच्या साहेबाने मोहिद्दीनकडून ती बंद खोली उघडवून घेतली. मोहिद्दीनने पाणी शिरतं, वास येतो, अशी सतरा कारणं सांगितली. साहेब म्हणाला, "यल्ला, यल्ला, ओपन इट."

म्हातारी हसरी होती. दोन दिवसांनी चहाच्या वेळी मी तिच्या पायांवर शाल घालत होते, तेव्हा ती माझा हात धरून इंग्रजीत काहीतरी आनंदाने बोलली. मला फक्त 'लॉक' कळलं. वाटलं, दाराचं कुलूप अडकलं असेल.

"काय म्हणतात हो? कुलूप बिघडलंय का?" मी मोहिद्दीनला विचारलं.

तो कपबशी घेऊन उभा होता.

"कुलूप नाही. नदीत पाण्याची पातळी एकदम खाली जाते ना, तिथे बोट उतरवायला दगडी कोठडी बांधतात. पुढे दार, मागे दार. बोट आत घेतात, पाणी सोडून देतात, बोट खाली खाली जाते. त्याला लॉक म्हणतात." मग हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणते, आज दुपारी पडल्या पडल्या आपली बोट लॉकमधून उतरली. भिंती वर चढत गेल्या, खोलीत मस्त गारवा आला. नवऱ्याबरोबरच्या सफरी आठवल्या म्हणते."

"स्वप्न पडलं असेल."

"हो. स्वप्नच."

पण त्याने वाकून म्हातारीला काहीतरी विचारलं. ती विचार करून बोलली आणि हवेत बोटाने गोल काढून दाखवला. मोहिद्दीनने हातातली कपबशी खाली ठेवली.

"काय विचारलंत?"

"भिंतीवर काय दिसलं ते."

"मग?"

"लोखंडी कडी. अर्धी तुटलेली." एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

४

उन्हाळा आला आणि पाहुणे गेले. त्या दिवसांत दुबईत गोरा माणूस टिकत नसे. बोटीवर आम्ही तिघंच राहिलो.

एका दुपारी मी त्या खोलीतल्या चादरी काढायला गेले. म्हातारी गेल्यापासून खोली उघडीच होती. बाहेर ऊन इतकं पांढरं की खिडकीतून खाडीकडे बघवत नव्हतं. मी पलंगाशी वाकले होते आणि पायाखाली काहीतरी थरथरू लागलं. शिवणयंत्र चालू असलेल्या घराची जमीन थरथरते तसं, बारीक, सारखं. मला वाटलं दिव्यांचं मशीन. पण ते मशीन मागच्या अंगाला होतं. ही थरथर खालून येत होती, जिथे पूर्वी इंजिन होतं आणि आता तांदळाची पोती होती.

मग उजेड गेला.

एकदम गेला नाही. खिडकीच्या खालच्या कडेने एक काळी रेघ वर आली. रेघ रुंद होत गेली. काचेच्या अगदी जवळून, हात बाहेर काढला तर खरचटेल इतक्या जवळून, एक भिंत वर सरकत होती. चिरेबंदी, ओली. चिऱ्यांच्या सांध्यांत शेवाळ, त्यातून पाणी ठिबकतंय. एक लोखंडी शिडी वर गेली, पायऱ्या गंजलेल्या. खोलीत विहिरीत उतरल्यासारखा गारवा भरला. माझ्या हातांवर काटा आला, आणि मी तेव्हाही स्वतःला सांगत होते की शेजारून एखादी मोठी होडी जात असेल, तिचीच ही कड.

मी बोळातून धावत जिन्यावर गेले, छतावर आले. उन्हाने डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर खाडी होती, पलीकडे बर दुबईची मातीची घरं, एक अब्रा, माणसं पलीकडे नेणारी छोटी होडी, चार जणांना घेऊन निवांत चाललेली. आमच्या बोटीच्या दोन्ही बाजूंना मोकळं पाणी. होडी नाही, भिंत नाही.

माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, दिवा लावून बघा. मी परत खाली गेले.

भिंत अजून चढत होती. वर, कोठडीच्या काठावरून असावी, हाक आली. शब्द कळला नाही. दोर ताणला जावा तसा आवाज झाला, मग पाणी पडल्याचा. हळूहळू काच उजळली. खिडकीत पुन्हा खाडी होती, ऊन होतं.

काच आतूनही ओली होती.

५

मी मोहिद्दीनला सगळं सांगितलं. तो खोटं आहे म्हणाला नाही, हसलाही नाही. त्याने विचारलं, "शिडी दिसली?"

"दिसली."

"डाव्या हाताला? गंजलेली?"

"हो."

तो बोटांवर काहीतरी मोजत बसला. "म्हणजे अजून दोन," तो पुटपुटला.

"दोन काय?"

"काही नाही."

त्यानंतर तो बदलला. दुपारी खाली यायचाच नाही. भर उन्हात छतावर, घंटेच्या खांबाला पाठ लावून बसायचा, डोक्यावर ओला टॉवेल. जेवण कमी झालं. रात्री मात्र गाढ झोपायचा, कारण रात्री काही होत नसे. जे व्हायचं ते दुपारीच.

एकदा मी त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि सहज म्हणून विचारलं, "जमालचं इस्पितळ नदीवरच होतं का हो?"

"नाही. शहरात. लांब."

"मग तुम्ही उशाशी होतात, तर बोट कुणी सांभाळली?"

त्याने डोक्यावरचा टॉवेल ओढून काढला. "तुला काय विचारायचंय?"

"तेच विचारलं."

"मेलेल्या माणसाचं किती दिवस धरून बसणार?" त्याने पहिल्यांदा आवाज चढवला. "मी काय कमी केलं तुझं? सांग ना, काय कमी केलं?"

मी जिना उतरून खाली आले. पण त्या दिवशी माझ्या मनात एक गोष्ट बसली आणि ती हलेना. शेवाळाला, भिंतीला भिऊन एखादा माणूस पळेल. हा भीत होता ते वेगळ्याला. याला रस्ता ठाऊक होता. पुढे काय येणार हे याला माहीत होतं.

६

हमदुल्ला स्वयंपाकघरात सुरमई साफ करत होता. मी दारात जाऊन उभी राहिले. कोपऱ्यात त्याची पत्र्याची पेटी बांधलेली होती.

"कुठे निघालास?"

"शारजाला, भाबी. तिथे एक ओळखीचा आहे. हे काम खलास." त्याने मान वर केली नाही. "दुपारी इंजिन ऐकू येतं. ते इंजिन सुटं करून बाहेर काढताना मी हात लावला होता. नसलेलं इंजिन मला ऐकू येतं."

"हमदुल्ला, जमालला ताप कुठे आला?"

सुरी थांबली.

"मोहिद्दीनभाईंना विचारा."

"त्यांना विचारलं. आता तुला विचारते."

त्याने मासा बाजूला सारला. मग सुरी धुतली, पुसली, बाजूला ठेवली. "ताप नव्हता, भाबी," तो म्हणाला.

"मग?"

"लॉकमध्ये होतो आम्ही, गंजक्या शिडीचा लॉक ओलांडल्यावर त्याच्या पुढचा दुसरा. पाणी उतरत होतं. बोट भिंतीला घासू नये म्हणून मधे दोराचा जाड गोळा सोडतात, तो अडकला. मोहिद्दीनभाईंनी जमालला बाहेरच्या अंगाला उतरवला, काढ म्हणाले. तो उतरला आणि बोट भिंतीकडे सरकली." त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "इथून इथपर्यंत अडकला. मेला नव्हता. ओरडत होता. थांबवा, थांबवायला सांगा, म्हणत होता. पाणी तर उतरतच होतं. बोट खाली जात होती, त्याला घेऊन, भिंतीवरून घासत."

"कुणी थांबवलं का नाही?"

"वर काचेच्या खोलीत लॉकवाला बसतो. पाण्याचं चाक त्याच्या हातात. मी मागे होतो, मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. त्याला आमची भाषा काय कळणार? तो बघतो बोटीच्या टोकावर उभ्या असलेल्या माणसाचा हात. हात वर केला की चाक थांबवायचं. एवढीच खूण."

"टोकावर कोण होतं?"

हमदुल्लाने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते.

"हात खिशात होते, भाबी. दोन्ही. तो बघत होता, आणि हात खिशात होते."

तो पुढेही बोलत होता. कसं सगळ्यांना गप्प केलं, कसं अपघात म्हणून मिटलं, त्याची पोरंबाळं, त्याचं काम. मला ऐकू येत नव्हतं. मी त्या दोन हातांचा विचार करत होते. त्यांनी माझ्या हातात बांगड्या भरल्या होत्या.

७

दुसऱ्या दिवशी हमदुल्ला गेला. त्याच दुपारी मी त्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. भिंत आली. या भिंतीला पाण्याच्या डागांचे पट्टे होते, खाली खाली गडद होत गेलेले. मी भ्याले नाही. मनात म्हणत होते, उतर, आणखी खाली उतर.

संध्याकाळी मी ते पट्टे सांगितले, तशी मोहिद्दीनने कापडाची पिशवी भरली. "एकच राहिला," तो म्हणाला. माझ्याशी नाही, पिशवीशी. मग मला म्हणाला, "चल, यल्ला. लियाकतच्या खानावळीत राहू. साहेबाला सांगेन तब्येत बरी नाही. पुढच्या बोटीने मुंबई, इन्शाल्ला."

"तुम्ही व्हा पुढे. चादरी मोजून कंपनीला द्यायच्यात. मी मागून येते."

तो अब्रात बसून पलीकडे गेला. मला हात केला त्याने, होडीतून.

त्यानंतर दुपारमागून दुपार मी त्या खोलीत बसले. काच कोरडी. इंजिन नाही, भिंत नाही. खिडकीत नुसती खाडी. मला समजलं की ते माझ्यासाठी येत नव्हतं. ते त्याच्यासाठी थांबलं होतं. त्याच्या परतीच्या बोटीचा दिवस जवळ आला तेव्हा मी ओळखीच्या अब्रावाल्याकडे निरोप दिला: कंपनीचे साहेब येणार आहेत, चाव्या घेऊन या, तुमच्याच हातून घेणार म्हणतात.

तो सकाळीच आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. "साहेब कधी येणार?"

"येतील. जेवून घ्या."

"दुपारच्या आत मला निघायचंय."

"निघा की. जेवायला किती वेळ लागतो?"

मी त्याच्या आवडीचं केलं होतं, तिसऱ्यांचं सुकं, कोळंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. लियाकतच्या खानावळीत त्याचे हाल झाले असावेत. तो खाऊ लागला. मी वाढत राहिले. ताट रिकामं होऊ दिलं नाही. तो नको म्हणे, मी आग्रह करी. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय जीव आहे बाईचा नवऱ्यावर. बाहेर ऊन पांढरं होत गेलं. जेवणघराच्या भिंतीवर आमच्या सावल्या आखूड झाल्या.

त्याने हात धुवायला घेतले तेव्हा मी म्हटलं, "अहो, साहेब आले वाटतं. खाली गेले. त्या टोकाच्या खोलीत."

"त्या खोलीत?" त्याचे ओले हात तसेच राहिले. "तू जाऊ कशाला दिलंस?"

"मी साहेबाला कशी अडवणार? काचेवरचं शेवाळ बघायचं म्हणाले."

तो जिन्याकडे धावला. साहेबाला घाबरला, की साहेबाने काही बघू नये म्हणून घाबरला, देव जाणे. त्याची पावलं बोळात वाजत गेली. मग दार लागल्याचा आवाज झाला.

दार मी लावलं नव्हतं. मी जेवणघरातच होते, माझ्या हातात त्याचं ताट होतं.

८

पायाखाली थरथर सुरू झाली. या वेळी सगळ्या बोटीत. टेबलावरचे पेले एकमेकांना लागून वाजू लागले.

मी बोळात उतरले. टोकाच्या दारावर तो आतून मुठी मारत होता. त्या कडक उन्हाने बोटीची सगळी दारं आक्रसून सैल झाली होती, फटींतून बोट जायचं. हे एकच दार फुगलं होतं. पावसाळ्यात आमच्या घराची दारं फुगतात तसं, चौकटीत घट्ट बसलं होतं. खालच्या फटीतून पाणी आलं, माझ्या पायाला लागलं. थंड होतं.

"बिलकीस! दार उघड!"

मी कडी ओढून बघितली. दार हललं नाही.

"बिलकीस, भिंत आत येतेय! थांबवायला सांग! कुणाला तरी सांग!"

कुणाला सांगणार? बोटीवर होतं कोण? तरी मी वर गेले, कारण वर पाण्याचा आवाज होता. उंचावरून पाणी पडावं तसा. दिवाणखाना ओलांडून मी बोटीच्या टोकाच्या दारापर्यंत आले.

बाहेर खाडी होती, लख्ख, मोकळी. पण टोकावरच्या फळ्या ओल्या होत्या आणि तिथे तो उभा होता.

पाठमोरा. अंगात निळं लोकरी बनियन, मी त्याला निघताना घडी करून दिलं होतं ते. पाणी निथळत होतं. दोराचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं खाली कुठेतरी गेलेलं, ताणलेलं. मान थोडी माझ्या बाजूला झुकवलेली. बोटीवरची माणसं हुकमाची वाट बघताना उभी राहतात तसा तो उभा होता. सोडू का धरू, एवढंच विचारत होता.

खालून मोहिद्दीनचा आवाज आला. आता शब्द नव्हते.

माझे हात पदराखाली होते. मी ते तिथेच ठेवले.

त्याने मान हलवली, समजलं म्हणून, आणि दोर सोडायला लागला. घाई नाही. हातावर हात, हातावर हात, नीट, मोजून मापून, जसा तो सगळं काम करायचा. खालचा आवाज बारीक झाला. मग थांबला. पेले वाजायचे थांबले. पाणी पडायचं थांबलं. त्याने उरलेल्या दोराचं वेटोळं घातलं आणि फळ्यांवर ठेवलं.

"जमाल," मी म्हटलं.

तो वळू लागला. मला वाटलं आता त्याचं तोंड दिसेल. पण तो बाजूला वळला आणि तिथेच दिसेनासा झाला. कुठे गेला नाही. तिथेच होता, मला कळत होतं, कारण फळ्यांवर पाणी अजून ठिबकत होतं. फक्त बाजूने बघितलं तर, कागदाच्या कडेसारखं, दिसायला त्याचं काही उरलं नव्हतं.

९

संध्याकाळी अब्रावाल्यांनी दार उघडलं. ते सहज उघडलं. डॉक्टर आला, त्याने उन्हाने काळीज थांबलं असं सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. उन्हाळ्यात दुबईत माणसं जायची.

मयताला आंघोळ घालायला लियाकत होता. दुसऱ्या दिवशी तो मला भेटायला आला, पडद्याआड बसला. दोनदा खाकरला. शेवटी म्हणाला, "भाबी, मोहिद्दीनभाई अंगाने चांगला भरलेला होता ना?"

"हो. का?"

"कफनाचं कापड उरलं," तो म्हणाला आणि उठून गेला.

इद्दत, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस, मी लियाकतच्या बायकोजवळ काढली. तोवर कंपनीने बोट कुणाला तरी विकून टाकली होती. मग मी आगबोटीने मुंबईला आणि तिथून गावी गेले. माहेरी गेले नाही, जमालच्या घरी गेले. मरियमबी ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. नजर अधू झाली होती, पण माझी पावलं तिने ओळखली.

मी तिच्यापाशी बसून तिला सगळं सांगितलं. ताप नव्हता हे सांगितलं, खिशातले हात सांगितले, मोहिद्दीन कसा गेला ते सांगितलं. तिने मधे एकदाही टोकलं नाही. तांदूळ निवडायची मात्र थांबली होती. मी सांगून संपवल्यावर तिने एक लांब श्वास सोडला. असा, की तो तिने फार दिवसांपासून आत धरून ठेवला असावा.

"तू स्वतः बघितलंस त्याला?"

"बघितलं, अम्मा. पाठमोरा होता."

ती माझ्या तोंडावरून हात फिरवू लागली.

"परमुलखात खाण्यापिण्याचे हाल होतात गं," ती म्हणाली. "बारीक झालाय का माझा पोर?"

मी तिचा हात धरला.

"नाही अम्मा," मी म्हटलं. "होता तसाच आहे."